जुन्या सायकलीचा जीर्णोद्धार

साठी उलटलेल्या गृहस्थाने सायकलीवर बसावे की बसू नये, याविषयी धर्मशास्त्रात विधी नाही आणि निषेधही नाही. जुन्या ग्रंथकारांनी छत्र, पादत्राणे, शय्या, वाहने यांविषयी पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु ज्या वाहनात वाहणारा आणि वाहिला जाणारा एकच, त्याचा विचार करण्याचा प्रसंग त्यांजवर आला नाही. आमच्या घरी मात्र हा निषेध सौभाग्यवतींच्या मुखाने स्पष्ट झालेला होता. २०१६ साली आम्ही शाळेतून निवृत्त झालो. निरोपसमारंभाचा हार खुंटीला लागतो न लागतो तोच त्या म्हणाल्या, "अहो, आता ती सायकल पुरे झाली हं." सदतीस वर्षे आम्ही त्या काळ्या, अठ्ठावीस इंची सायकलीवरून शाळेत गेलो होतो. पुढे दोन वर्षांनी वाडा पाडून तेथे इमारत उभी करावयाचे ठरले, तेव्हा जिन्याखालची ती सायकल भंगारवाल्याने तागडीवर घातली. तिची किंमत वजनावर झाली, याचे शल्य आम्हास पुष्कळ दिवस होते.

असो. २०२४ च्या एप्रिलात आम्ही उभयता चिरंजीवांकडे गेलो. ते कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन काउंटी म्हणून जो डोंगराळ भाग आहे, तेथे सॅन राफेल या गावी राहतात. परदेशी मुलाच्या घरी सहा महिन्यांसाठी गेलेल्या निवृत्त पित्याची स्थिती कशी असते, हे ज्या वाचकांची मुले तिकडे आहेत त्यांस सांगावयास नको. घर आपले असते, पण घरातले एकही काम आपले नसते. भाजी आणावयास मोटार लागते, भांडी यंत्र घासते, आणि सकाळचे वर्तमानपत्र दाराशी येऊन पडत नाही. सौ. स्वयंपाकघरात शिरल्या की त्यांचा प्रश्न सुटतो. आम्ही मात्र तीन दिवस एका कोचावरून दुसऱ्या कोचावर बसून काढले.

चौथ्या दिवशी झाडू शोधण्यासाठी गॅरेजमध्ये गेलो असता पाणी तापविण्याच्या टाकीमागे एक सायकल दृष्टीस पडली. टायर बसलेले, चेन गंजून लाल झालेली, गादी उसवलेली. तिचे रूप आमच्या ओळखीच्या सायकलीहून अगदी निराळे होते. चाके लहान पण टायर जाड आणि दातेरी; हँडल आडव्या दांडक्यासारखे सरळ; मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, स्टँड नाही, घंटी नाही. ज्या ज्या वस्तूंमुळे गृहस्थाश्रमी मनुष्यास सायकल उपयोगी पडते, त्या सर्वांचा तिने संन्यास केलेला होता.

चिरंजीवांस विचारले तेव्हा ते म्हणाले, "ती होय! डेव्हिसला शिकत होतो तेव्हा साठ डॉलरला घेतली होती, बाबा. डोंगरातली सायकल आहे, माउंटन बाइक. जुनी झालीय. टाकून द्यायची राहून गेलीय."

आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागितली. ती त्यांनी हसून दिली.

तिचे वय ठरविताना आमचे संस्कृत अनपेक्षितपणे कामी आले. फ्रेमवरील चिठ्ठीवर जपानात घडविल्याचे लिहिले होते, साल नव्हते. परंतु गिअरच्या आतल्या बाजूस दोन रोमन अक्षरे कोरलेली आढळली. शिमानो या जपानी कारखान्याने १९७६ सालास 'ए' हे अक्षर दिले आणि पुढे प्रत्येक वर्षी एकेक अक्षर सरकविले; दुसरे अक्षर महिन्याचे. आमच्या ज्योतिषग्रंथांतून कटपयादि पद्धतीने अक्षरांत संख्या लपविलेली असते, त्यातलाच हा प्रकार. 'एल' आणि 'सी' ही अक्षरे होती. म्हणजे १९८७ सालचा मार्च महिना. त्या महिन्यात आम्ही नववीच्या वर्गाला समास शिकवीत असू.

मग जीर्णोद्धारास प्रारंभ झाला. आमच्या पेठेच्या कोपऱ्यावर एक सायकलवाले होते. त्यांच्या फळ्यावर 'ओव्हरऑइलिंग करून मिळेल' असे लिहिलेले असे. आम्ही नवे शिक्षक असताना एकदा त्यांना समजावून सांगितले की मूळ इंग्रजी शब्द 'ओव्हरहॉलिंग' असा आहे. त्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, पण तेल घातल्याशिवाय होतं का?" या उत्तरावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे प्रतिवर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही स्वतःच्या सायकलीचे ओव्हरऑइलिंग त्यांच्या देखरेखीखाली करीत असू. जे काही येत होते ते तेथले.

सायकल उघडणे हे ग्रंथ उघडण्यासारखेच आहे; वाचणाऱ्यास लिपी ठाऊक असली पाहिजे, एवढेच. सुदैवाने लिपी बदललेली नव्हती. कोन तेच, छर्रे तेच, कटोऱ्या त्याच. पुढच्या चाकात दोन्ही बाजूंस दहा-दहा लहान छर्रे, मागच्या चाकात नऊ-नऊ मोठे. काढताना ते बशीत मोजून ठेवावयाचे, हा नियम आम्ही नातवास प्रथम शिकविला, आणि तो प्रथम आमच्याच हातून मोडला. एक छर्रा निसटून मोटारीखाली गेला. दहा वर्षांचा नातू पालथा पडून सरपटत आत शिरला आणि तो घेऊन आला. तोपर्यंत आजोबा हा खोकणारा आणि लवकर उठणारा एक पाहुणा आहे, अशी त्याची समजूत असावी. त्या दिवसापासून शाळेतून आला की दप्तर टाकून तो थेट गॅरेजमध्ये येऊ लागला. आतले जुने ग्रीस वाळून मेणासारखे झाले होते. ते रॉकेलच्या जातीच्या द्रवाने धुऊन काढले, छर्रे पुसून पाहिले. ज्यांवर खड्डे पडले होते ते बदलावयाचे. पण खड्डे दोन-तीनांवर पडले असले तरी त्या बाजूचा सबंध संच बदलावा लागतो. जुना आणि नवा छर्रा यांत केसाएवढे अंतर असले तरी सारा भार मोठ्यावर पडतो. कोन आवळताना आस डुगडुगता कामा नये आणि जड फिरता कामा नये. या दोहोंच्या मधली जागा पान्याने नव्हे, बोटाने कळते.

डावे पायडल उलट्या आट्यांचे असते हे आम्हास ठाऊक होते, म्हणून ते निघाले. गादीची दांडी मात्र निघेना. दांडी ॲल्युमिनियमची आणि फ्रेम पोलादाची. ओल शिरली की या दोन धातूंची जी काही देवघेव चालते तीत दांडीवर पांढरा क्षार धरून ती आत घट्ट बसते. तेल सोडून झाले, अमोनियाचे पाणी घालून झाले, सकाळ-संध्याकाळ लाकडी हातोडीने ठोकून झाले. सूनबाईंनी विचारले, "बाबा, एवढं कशाला? नवी सायकल तीनशे डॉलरला मिळेल." नवव्या दिवशी शेजाऱ्यांच्या बाकावरील व्हाइसमध्ये दांडीचे डोके पकडले, आणि आम्ही, चिरंजीव व ते शेजारी अशा तिघांनी सबंध सायकलच नांगरासारखी धरून फिरविली. तेव्हा कुठे कुरकुर करीत ती हलली.

टायरांची तर निराळीच कथा. चाक सव्वीस इंची, म्हणून सूनबाई दुकानातून सव्वीस इंची टायर घेऊन आल्या. तो रिमवर बसेना; तासभर आम्ही स्वतःस आणि रिमला दोष दिला. शेवटी चष्मा पुसून बारीक अक्षरे वाचली. टायरवर सव्वीस गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश, आणि जुन्या टायरवर सव्वीस गुणिले दोन पूर्णांक एक दशांश. दोन्ही सव्वीस, पण एकाच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५५९! वाचकांपैकी कोणी अशी सायकल बाळगून असतील तर त्यांनी इंचावर विश्वास न ठेवता टायरवर कोरलेला हा तीन आकडी अंक पाहावा. चेनीसाठी मात्र इंचाची पट्टीच उत्तम. नव्या चेनीचे २४ सांधे बरोबर १२ इंच भरतात; आमची चेन त्याहून इंचाचा आठवा भाग अधिक भरली. इतकी ताणलेली चेन मागचे दातेही खाऊन टाकते, म्हणून फ्रीव्हीलही बदलावे लागले. चाकाचा आउट मात्र आम्ही दोन दुपारी बसून स्वतः काढला. सायकल उलटी उभी करून, ब्रेकच्या रबराला निशाणी धरून, स्पोक एकेक पाव आटा आवळीत आणि सैल करीत.

हे काम करताना आणखी काही दिसले, आणि ते आम्ही त्या वेळी कोणाजवळ बोललो नाही. सायकलीची डावी बाजू घासलेली होती. डाव्या ब्रेकची मूठ वाकलेली, डाव्या पायडलची कड झिजलेली, हँडलचे डावे टोक किंचित मागे गेलेले. सायकल उभ्या-उभ्या पडली तर असे होत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान करावयास आम्ही मुलांना आयुष्यभर शिकविले. येथे आम्ही अनुमान केले आणि गप्प राहिलो.

एका रविवारी चिरंजीव आम्हास जवळच्या फेअरफॅक्स गावी सायकलींचे संग्रहालय पाहावयास घेऊन गेले. ते २०१५ साली उघडले. तेथे गेल्यावर कळले की आमच्या गॅरेजमधल्या सायकलीचे कुलस्थान तेच. त्या गावाबाहेर डोंगरातून उतरणारी एक कच्ची वाट आहे. सुमारे दोन मैलांत ती तेराशे फूट खाली येते. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील तरुणांनी १९३० च्या सुमाराच्या जड, जाड टायरांच्या सायकली भंगारातून शोधून काढल्या आणि त्यांवरून ही वाट उतरू लागले. या सायकलींना ते ज्या नावाने हाक मारीत, त्याचा मराठीत अर्थ सरळ 'खटारा' असा होतो. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तेथे पहिली शर्यत लावली. पुढे गॅरी फिशर या गृहस्थाने ती वाट ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरून उच्चांक केला. जो ब्रीझ यांनी १९७७ साली याच कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम घडविली. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने जपानात घडवून घेतलेली 'स्टंपजम्पर' बाजारात आली, आणि खटाऱ्याचा धंदा जगभर पसरला. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्येही ही शर्यत झाली.

परंतु आम्हास खरी गंमत वाटली ती त्या वाटेच्या नावाची. तिला 'रिपॅक' म्हणतात. त्या जुन्या खटाऱ्यांना ब्रेक असे तो मागच्या चाकाच्या तुंब्यात. पायडल उलटे दाबले की लागणारा. एवढ्या उतारावर तो सारखा दाबून धरल्याने तुंबा तापे, आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोचल्यावर तुंबा उघडून ग्रीस पुन्हा भरावे लागे. म्हणून 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणे. न्यायशास्त्रात डोंगरावर धूर दिसतो तेव्हा अग्नी सिद्ध होतो. येथे डोंगरावर धूर दिसला की ओव्हरऑइलिंग सिद्ध होत असे! नायकांच्या आणि विजयांच्या नावाने डोंगर पुष्कळ आहेत. खाली उतरल्यावर मांडी घालून कराव्या लागणाऱ्या कामाचे नाव डोंगरवाटेस दिलेले आम्ही हे पहिलेच पाहिले. आमच्या कोपऱ्यावरील सायकलवाल्यांस ते फार आवडले असते.

जून महिन्यात आमची सायकल चालू झाली. सौ.चा निषेध कायम होता. परंतु तो पुण्यातील रहदारीसाठी होता, येथे रहदारी नाही, असा आम्ही अर्थ लावला. सूनबाईंनी शिरस्त्राण घातल्याशिवाय फाटकाबाहेर पडू दिले नाही. फेअरफॅक्सजवळ लगुनिटास नावाचा तलाव आहे. त्याच्या भोवती अग्निशामक गाड्यांसाठी केलेली कच्ची वाट आहे. तीवर सायकलीस परवानगी असते. वेग ताशी पंधरा मैलांहून अधिक नको आणि आंधळ्या वळणावर पाच मैल, असा तेथील नियम. पंधरा मैलांचा नियम मोडण्याची आमची योग्यता नव्हती.

गिअर आम्ही आयुष्यात प्रथमच वापरीत होतो. पुढे तीन चक्रे, मागे सहा, म्हणजे अठरा प्रकार. अलीकडच्या सायकलींत गिअर टक्‌ असा आवाज करून ठरलेल्या घरात बसतो. आमच्या सायकलीच्या हँडलवर मात्र अंगठ्याने सरकवावयाच्या दोन साध्या पट्ट्या. त्यांत घरे नाहीत. नवी सायकल ही पेटी आहे, स्वर दाबला की वाजतो. जुनी ही सारंगी. पट्टी थोडी कमी-अधिक सरली की चेन दोन चक्रांच्या मधे कुरकुरते, आणि केसभर मागे आणली की गप्प होते. आठ दिवसांत अंगठ्यास ते कळू लागले. चढावर सर्वांत लहान चक्रावर चेन आली की पाय भरभर फिरतात, सायकल मुंगीच्या पावलांनी चढते, पण चढते. छातीत भाता चालू असताना सहासष्टाव्या वर्षी आम्ही त्या चक्रास मनातल्या मनात नमस्कार केला. त्याच वेळी एक जुनी गोष्ट आठवली आणि नमस्कार अर्धवट राहिला.

ती गोष्ट अशी. १९९७ साली वाड्यात आम्ही दोघे बंधू, दोन कुटुंबे, चार मुले आणि एक चूल होती. चिरंजीवांस सातवीची शिष्यवृत्ती मिळाली. त्या सुमारास गिअरच्या सायकली मुलांच्या डोळ्यांपुढे सारख्या नाचत असत. आमचे थोरले बंधू (ते आता नाहीत) म्हणाले, "पोराने नाव काढलंय. सायकल मी घेऊन देतो." आम्ही म्हणालो, "दादा, एकाला घेतली की चौघांना घ्यावी लागेल. आणि गिअर ही आळशाची सोय आहे. देवाने पाय दिले आहेत ते कशाला?" विषय तेथेच मिटला. चिरंजीव आमची जुनी काळी सायकल पुढची पाच वर्षे चालवीत राहिले. पहिले कारण आम्हास आजही योग्य वाटते. एका चुलीच्या घरात ते सांभाळावेच लागते. दुसरे कारण खोटे होते. गिअर कशाला म्हणतात हे तेव्हा आम्हास ठाऊकही नव्हते. दादांना खर्चात पाडावयाचे नाही आणि वाद वाढवावयाचा नाही, एवढ्यासाठी ते आम्ही शिक्षकाच्या आवाजात ठोकून दिले.

ब्रेकांविषयी आता सांगितले पाहिजे, कारण तेथे आमचा अपराध आहे. या सायकलीस चाकाच्या दोन्ही बाजूंस दोन बाहू असतात. त्यांना जोडणारी एक आडवी तार टायरच्या वरून जाते, आणि वरून येणारी मुख्य तार तिला मध्यावर उचलते. जुनी रबरे वाळून दगड झाली होती, ती बदलली. नवी फार किंचाळत, म्हणून प्रत्येक रबराची पुढची कड रिमला आधी टेकेल अशी किंचित तिरपी बसविली. मग आवाज थांबला. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु पुढच्या चिमट्यावर, त्या आडव्या तारेच्या खाली, एका लोखंडी पट्टीवर काचेचा परावर्तक बसविलेला होता. तो तडकलेला होता आणि आम्हास कुरूप वाटला. आम्ही तो पट्टीसकट काढून टाकला.

जुलैच्या एका सकाळी तलावाच्या वाटेने उतरताना आम्ही ब्रेक दाबला. मुख्य तारेचा नट आम्ही पुरेसा आवळलेला नव्हता, तार सटकली. आडवी तार सुटून दातेरी टायरवर पडली, दात्यांनी ती ओढून घेतली, आणि पुढचे चाक जागच्या जागी थांबले. आम्ही थांबलो नाही. हँडलवरून पुढे जाऊन वाटेच्या कडेस गवतात पडलो. चष्मा फुटला, शिरस्त्राणास चीर गेली, तळवे आणि गुडघा सोलवटला. एक बाई कुत्रा घेऊन चालल्या होत्या, त्यांनी पाणी दिले आणि चिरंजीवांस फोन लावून दिला. ती परावर्तकाची पट्टी तेथे असती तर सुटलेली तार तिच्यावर अडकली असती, टायरपर्यंत पोचली नसती. हे आम्हास गवतात पडल्या-पडल्याच उमगले. ज्या गोष्टीचा उपयोग कळत नाही तिला कुरूप म्हणून उपटून टाकू नये, हे आम्ही मुलांना व्याकरणाच्या बाबतीत किती वेळा सांगितले असेल!

घरी सौ. काही बोलल्या नाहीत, आणि तेच फार झाले. रात्री निजानीज झाल्यावर आम्ही गॅरेजमध्ये जाऊन वाकलेली तार काढीत बसलो. थोड्या वेळाने चिरंजीव आले. दारात उभे राहून म्हणाले, "मीही पडलो होतो हिच्यावरून."

"डाव्या अंगावर," आम्ही म्हणालो.

ते क्षणभर थांबले. "तुम्हाला कसं कळलं?"

आम्ही वाकलेली मूठ दाखविली. मग ते खाली, जमिनीवर बसले. २००८ चा डिसेंबर. विद्यापीठाच्या भोजनगृहात रात्री भांडी धुण्याचे काम करून ते परत येत होते. पाऊस, दिवा नाही, वळणावर ओली पाने. रिम भिजली की ब्रेक लागत नाही. गळ्याजवळचे हाड मोडले. आम्हास आठवले. त्या महिन्यात संगणकावरचा कॅमेरा बिघडला आहे म्हणून ते दीड महिना नुसत्या आवाजाने बोलत होते, आणि आम्ही त्यांस कॅमेरा दुरुस्त करावयास हलगर्जीपणा करतोस म्हणून दोन वेळा रागावलो होतो. भांडी धुण्याचे काम करतात हेही त्यांनी कधी कळविले नव्हते.

"सांगितलं असतं तर तुम्ही काकांकडे पैसे मागितले असते," ते म्हणाले. "आणि काकांनी दिले असते. सायकल घेऊन द्यायला निघाले होते, तसेच."

"ते तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही दोघं माजघरात बोलत होतात. मी जिन्यात होतो, बाबा."

सत्तावीस वर्षे! त्यांनी ते रागाने म्हटले असते तर आम्हास उत्तर देणे सोपे गेले असते. आम्ही पाना पुसत राहिलो. मग म्हणालो, "चौघांचं म्हटलं ते खरं होतं. आळशाचं म्हटलं ते खरं नव्हतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "ही घेतली तेव्हा पहिल्या दिवशी सगळे अठरा गिअर टाकून पाहिले. डेव्हिस अगदी सपाट गाव आहे. एकाचाही उपयोग नव्हता." आणि ते हसले.

ब्रेकची तार बसविताना तिसरा हात लागतो. दोन्ही बाहू रिमशी दाबून धरावयाचे आणि त्याच वेळी तार ओढून नट आवळावयाचा. इतके दिवस तो तिसरा हात नातवाचा होता. त्या रात्री चिरंजीवांनी बाहू धरले. नट आवळल्यावर आम्ही ब्रेक बळाने वीस वेळा दाबून पाहिला, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलेली ती पट्टी शोधून पुन्हा बसविली. पुढे नवा परावर्तकही आणला.

सप्टेंबरात, आमच्या परतण्यापूर्वीच्या रविवारी, तिघे मिळून रिपॅकवर गेलो. गुडघ्यामुळे आम्ही खालीच थांबलो. नातू आमच्याबरोबर घड्याळ घेऊन उभा राहिला. चिरंजीव आमच्या खटाऱ्यास ढकलीत वर गेले. दोन मैलांस ४ मिनिटे २२ सेकंद म्हणजे ताशी सत्तावीस-अठ्ठावीस मैल, आणि पंधरा मैलांचा नियम पाळला तर आठ मिनिटांहून कमी वेळात खाली येताच येत नाही, हे गणित आम्ही नातवाकडून वाळूवर काठीने करून घेतले. फोनवर "निघालो" असा शब्द आला. आठ मिनिटे झाली, नऊ झाली. वाटेच्या वरच्या वळणावर धूळ दिसेना. पुढचा नट आम्ही आवळला होता, मागचा चिरंजीवांनी. मागचा आपण पाहिला होता काय, हे आम्हास आठवेना. नातू दर अर्ध्या मिनिटाने आकडा मोठ्याने वाचीत होता. शेवटी आम्ही त्यास गप्प राहावयास सांगितले.

बारा मिनिटांच्या सुमारास ते वळणावरून आले. धुळीने पांढरे झालेले, दोन्ही मुठी दाबून धरलेल्या. थांबल्यावर आम्ही प्रथम वाकून रिमला हात लावला. चांगलीच तापली होती. ब्रेकमधून धूर मात्र नव्हता.

ऑक्टोबरात आम्ही पुण्यास परतलो. सायकल गॅरेजमध्ये भिंतीवरील आकड्याला टांगलेली आहे. शेजारी आम्ही स्वहस्ताक्षरात एक कागद चिकटवून ठेवला आहे. चेनीला तेल केव्हा, तारा केव्हा तपासावयाच्या, छर्रे केव्हा धुवावयाचे. तो कोणी वाचील अशी आमची फारशी अपेक्षा नव्हती. गेल्या शनिवारी सकाळी सहाला फोन वाजला. अशा वेळी परदेशातून फोन आला की घरात सर्वांच्या छातीत धस्स होते. सौ. पूजेवरून उठून आल्या. पलीकडून चिरंजीवांचा आवाज आला. मागे नातू काहीतरी ओरडत होता आणि बशीत काहीतरी खुळखुळत होते.

"बाबा, झोपला होतात का? कोनाचा पाना कुठला घ्यायचा, तेरा की पंधरा?"

"पुढच्याला तेरा, मागच्याला पंधरा," आम्ही म्हणालो. "आणि छर्रे मोजून ठेव."